तोटी, आहे त्या स्थितीत

पनवेलला थंडी पडत नाही, हे पनवेलकरांना ठाऊक आहे. सरकारला ते कुणी कळवले नव्हते. त्यामुळे खाडीबांध पाहणी उपकार्यालय (तात्पुरते) या कचेरीला जेव्हा मोटार मंजूर झाली, तेव्हा ती थेट थंड हवेच्या डोंगरातून आली. तिचा मूळ धनी चहाच्या मळ्यावरचा एक गोरा साहेब. स्वराज्य आल्यावर तो विलायतेला निघून गेला आणि मोटार सरकारजमा झाली. बसणाऱ्याचे पाय उबदार ठेवण्याची तिच्यात सोय होती. इंजिनातले कढत पाणी एका नळीतून पुढच्या फळीखालच्या पेटीत यायचे आणि पेटीतला बारका पंखा त्याची ऊब पायांवर फेकायचा. नळीवर पितळेची एक तोटी होती. ती उघडली की ऊब, बंद केली की पनवेल, इतका सोपा कारभार होता.

ड्रायव्हर काशिराम भोईर याने ती तोटी मोटार आल्या दिवशीच घट्ट बंद करून टाकली. काशिराम विचुंब्याचा. त्याच्या बापजाद्यांनी मिठागरात उन्हे सोसलेली, त्यामुळे उबेची त्याला नवलाई नव्हती. गाडी जपून चालवणारा, साहेबापुढे कमी बोलणारा आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा माणूस. पण वर्षानुवर्षे तात्पुरता. कचेरीच तात्पुरती असल्यामुळे तिच्यातली माणसेही तात्पुरती होती. कायम होत्या त्या फक्त टेबलखुर्च्या, कारण त्यांना डेडस्टॉकचे नंबर होते. डेडस्टॉक म्हणजे सरकारच्या निर्जीव परंतु हयात वस्तू. माणसाला असा नंबर देण्याची सोय अजून निघालेली नव्हती.

काशिरामचे सगळे घोडे 'तात्पुरता' या एका शब्दापाशी अडले होते. त्याची मुलगी वेणू लग्नाची झाली होती. गव्हाणच्या तुळशीराम घरतांचा मुलगा तिला पसंत होता, मुलाला ती पसंत होती, देण्याघेण्यावरून कुणी तोंड वाकडे केले नव्हते. तुळशीरामांनी उठता उठता, पानाचा डबा मिटत, एवढेच विचारले होते, "काशिरामशेट, नोकरी कायम हाय का तात्पुरती?"

"व्हईल आता. कागुद गेलाय अलिबागला."

"मंग जाली की कलवा," तुळशीराम म्हणाले आणि चपला घालून निघून गेले. वेणूने आतून ते ऐकले. त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी बापाच्या तोंडाकडे बघायची आणि काही न विचारता पाण्याचा तांब्या पुढे करायची. काशिरामला ते न विचारणे फार लागायचे. कायम होण्यासाठी त्याला एकच अट घातलेली होती. ताब्यातली मोटार सर्व भागांसह, जशीच्या तशी, तपासणीत दाखवायची.

अशात मार्च आला. मंजूर झालेला तेलरंग मार्चअखेर संपवला नाही तर पुढल्या वर्षी मिळत नाही, हा सरकारी कचेऱ्यांतला सर्वांत जुना कायदा आहे. हेडक्लार्क वाकणकर हे कायद्याला धरून वागणारे गृहस्थ. त्यांनी रंगारी शिवाला आवारात उभे केले आणि हुकूम दिला की, जे जे हलत नाही त्याला रंग द्यायचा आणि त्यावर डेडस्टॉकचा नंबर टाकायचा. शिवाने झाडांची खोडे रंगवली, फाटकाचे दगड रंगवले, पाण्याचे पिंप रंगवले. शिपाई गणू स्टुलावर पेंगत होता. स्टूल रंगवताना त्याच्या सदऱ्यालाही एक नंबर मिळाला आणि पुढे कित्येक महिने तो स्वतःला कायम समजत होता.

मोटारीपाशी आल्यावर वाकणकरांना ती पितळी तोटी दिसली. इतकी वर्षे एक सरकारी वस्तू विनानंबर राहिली याचे त्यांना मनापासून वाईट वाटले. पण बंद असलेल्या वस्तूला चालू म्हणून नंबर देणे त्यांच्या तत्त्वात बसेना. म्हणून त्यांनी स्वतः इंजिन चालू करायला लावले, स्वतःच्या हाताने तोटी पूर्ण उघडली, पंख्याचे बटण दाबले, हाताला कढत वारा लागल्याची खात्री केली आणि म्हणाले, "चालू आहे. घाल नंबर."

शिवाने तोटीला आणि बटणाला रंगाचे दोन हात दिले आणि वर पांढऱ्या अक्षरांत नंबर घातला. काशिराम तेवढ्यात भाकरी खाऊन, हात धुऊन आला.

"अरं शिवा, ती बंद तरी करायची ना आदी!"

"आता हात लावशील त नंबर पुसल," शिवा म्हणाला.

"वाळू द्या हो," वाकणकर म्हणाले. "वाळल्यावर खुशाल फिरवा. सरकारी रंग तो, किती टिकणार?"

पण सरकारी कामात कधी नव्हे ते घडले. रंग पक्का निघाला.

एप्रिलमध्ये गुप्ते साहेब पारगावच्या बांधाची पाहणी करायला निघाले. गुप्ते साहेब म्हणजे कचेरीचे मुख्य. भला माणूस, पण नियमात न बसणारी शिंकही दाबून धरणारा. पनवेलच्या बाहेर पडेपर्यंत त्यांनी बूट काढले. पळस्पे फाट्यावर मोजे काढले. पुढे पाय वर घेतले आणि मांडी घालून बसले. बांधावरच्या लोकांनी बघितले ते साहेब मागच्या सीटवर मांडी घालून, घामाने निथळत, मुंडावळ्या तेवढ्या राहिल्यासारखे येत आहेत. काशिरामला तीही सोय नव्हती. एक पाय क्लचवर आणि एक ब्रेकवर ठेवूनच मोटार चालते. त्याने पायांना ओले गोणपाट गुंडाळले होते. थोड्या वेळाने त्यातून वाफ येऊ लागली आणि मोटार पेटली असे समजून एका बाईने हंडाभर पाणी खिडकीतून आत ओतले. तेवढाच काशिरामला आराम पडला.

"साहेब, पाय भाजतान," परतताना तो म्हणाला.

"मलाही जाणवतंय, काशिराम. पण तोटीला नंबर आहे. बेताबेतानं घे."

बेताबेतानं घ्यायचे म्हणून काशिराम मोटार पळस्पे फाट्यावर काळूराम मिस्त्रीकडे घेऊन गेला. काळूराम मूळचा उरणचा कोळी. आधी मचव्यांची इंजिने दुरुस्त करायचा, मग गोव्याकडे आणि घाटाकडे जाणारे ट्रक नेमके फाट्यावरच बंद पडतात हे हेरून त्याने तिथेच छप्पर टाकले. अडकलेली वस्तू आपण बोलता बोलता काढतो असा त्याचा लौकिक होता आणि तो लौकिक तो स्वतःच सांगायचा.

"यो काय, आता काडतो," म्हणत तो मोटारीच्या पुढच्या फळीखाली शिरला. नंबर सांभाळून कडेचा रंग खरवडला. रॉकेल ओतले. लाकडी ठोकळा धरून वरून ठोकले. फुंकणीने निखाऱ्याचा शेक दिला. मग त्याने आपला सर्वांत मोठा पाना आणला, जो त्याच्या बापाने लाँचवर वापरलेला होता आणि ज्याला तो दसऱ्याला झेंडू वाहायचा. पाना तोटीच्या चौकोनी माथ्यावर बसवून त्याने सगळा जोर लावला. तोटी फिरली नाही. जोर इतका बसला की पानाच तिच्यावर रुतला.

"काशिराम, ही तोटी नाय. खडपावरचं कालव हाय." काळूराम घाम पुसत बाहेर आला. "आता कापाय लागंल."

"काप म्हंजे? नंबर हाय तिला!"

"मंग नली बांधून टाकतो. पानीच नाय आलं त तापंल कशानं?"

काशिराम कचेरीत विचारून आला. नळी बांधणे म्हणजे मोटारीच्या मूळ रचनेत बदल, असे वाकणकरांनी सांगितले. काशिरामने तोटीकडे बघितले, पायांकडे बघितले आणि अलिबागला गेलेल्या कागदाची आठवण काढली. 'जशीच्या तशी' म्हणजे जशीच्या तशी.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे म्हंजे? माजा पाना?"

पाना निघेना. तो तसाच लोंबकळत ठेवून काशिराम मोटार कचेरीत घेऊन आला. वाकणकरांनी तपासणीत पाना पाहिला. सरकारी मोटारीला कायम जोडलेली वस्तू सरकारचीच असते, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. शिवाकडे रंग थोडा उरला होता. दुसऱ्या दिवशी काळूराम पाना मागायला आला तेव्हा पान्यावर नंबर वाळत होता.

"भाऊसाहेब, माज्या बापाची निशानी हाय ती!"

"वडिलांच्या नावे अर्ज करा," वाकणकर म्हणाले. "ते हयात आहेत ना?"

"नाय."

"मग जरा कठीण आहे." वाकणकरांना खरोखरच वाईट वाटले. त्यांनी त्याला चहा पाजला. तेव्हापासून काळूराम दर बाजाराच्या दिवशी कचेरीत यायचा, मोटारीच्या फळीखाली वाकून पान्यावर थोडे रॉकेल सोडायचा, एक हिसडा द्यायचा, चहा प्यायचा आणि जायचा.

गुप्ते साहेबांनी मात्र तोटी कापण्याची परवानगी रीतसर मागितली. वस्तू कापायची तर आधी ती निरुपयोगी ठरवायला हवी, आणि ती निरुपयोगी आहे की नाही हे एक समिती ठरवील, असे उत्तर आले. समिती जूनमध्ये आली. त्या दिवशी आभाळ नुसते फाटले होते. अलिबागचे मोठे साहेब आणि दोन सभासद लाँचमधून उतरून धक्क्यापासून पायी येईपर्यंत गुडघ्यापर्यंत चिंब झाले होते. काशिरामने त्यांना तपासणीसाठी मोटारीत बसवून इंजिन चालू केले. समितीने बूट काढले. थोड्या वेळाने मोठ्या साहेबांनी डोळे मिटले. तपासणी दुपारच्या जेवणापर्यंत चालली.

अहवाल त्यांनी तिथेच, सुकल्या हातांनी लिहिला. सदर वस्तू उष्णता देण्यासाठी असून ती उष्णता देत आहे. सबब ती बिघडलेली आहे असे म्हणता येत नाही.

"पण साहेब, ती बंद होत नाही," गुप्ते साहेब म्हणाले.

"जे बंद होत नाही त्याला आपण बिघाड म्हणत नाही, गुप्ते," मोठे साहेब मोजे चढवत म्हणाले. "आपण त्याला सातत्य म्हणतो."

समिती गेली, पण मोटारीत काय सोय आहे याची बातमी मागे ठेवून गेली. पनवेलच्या पावसाळ्यात काही वाळत नाही. दोरीवर टाकलेले धोतर चार दिवसांनी ओले आणि वर कुबट असे खाली येते. अशा गावात एक जागा अशी निघाली की जिथे भर आषाढात चैत्र होता. पहिल्यांदा वाकणकरांनी दमट झालेल्या फायली ठेवल्या. त्या कुरकुरीत होऊन निघाल्यावर त्यांनी फायलींच्या मधोमध आपले धोतर ठेवले. मग गुप्ते साहेबांच्या पत्नी, म्हणजे सगळ्या कचेरीच्या वहिनीसाहेब, न्हाऊन आल्या. त्यांचे केस गुडघ्यापर्यंत, पावसाळ्यात वाळायचे नाहीत आणि डोके धरायचे. त्या मागच्या सीटवर केस सोडून बसल्या आणि लग्नानंतर प्रथमच आषाढात त्यांचे डोके दुखले नाही. त्या दिवशी साहेबांना घरी गोड मिळाले. तोटीबद्दलचे पुढचे पत्र त्यांनी मसुद्यातच ठेवले.

काशिराम दिवसभर आवारात उभ्या मोटारीत बसलेला असायचा. इंजिन मंद झाले की ऊब कमी व्हायची आणि मागून आवाज यायचा, "काशिराम, जरा दाबा हो." तो दाबायचा. मोटार जागची हलायची नाही, पाय मात्र भाजायचे. घरी गेल्यावर बायको रंभा पायांना कोरफडीचा गर लावायची आणि तोटीला शिव्या द्यायची.

"जल्लं मेलं ते हीटर! अन् ते तुमचं कायम! पाय गेल्यावर कायम व्हऊन करशाल काय?"

"वेनूचं बग ना जरा," काशिराम म्हणायचा. मग रंभा गराचा आणखी एक हात द्यायची.

पण रंभाही शेवटी संसारी बाई. घरातला जवळा पावसाने नासायला लागला तेव्हा एक दिवस टोपली घेऊन ती कचेरीत आली आणि कुणाला न विचारता ती पुढच्या सीटखाली सरकवली. वहिनीसाहेब मागे केस सोडून बसलेल्या होत्या. थोड्या वेळाने जवळा तापला.

"अगो बाई, हा कसला वास?" वहिनीसाहेबांनी नाकाला पदर लावला.

"जवला हाय, बाईसाब. सुकला की जातो वास."

"आणि माझ्या केसांना लागला म्हणजे?"

"केसांनाच लागंल ना, बाईसाब. आमचे ह्यांचे त पाय शिजतान तिकडं."

वहिनीसाहेबांनी पुढे वाकून बघितले. काशिरामचे पाय बघून त्यांना खरेच भरून आले. त्या घरी गेल्या आणि त्यांनी काशिरामसाठी वाटीभर लोणी पाठवले. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीप्रमाणे केस वाळवायला आल्या. फक्त जवळ्याची वेळ दुपारनंतरची ठरली.

श्रावणात पापड आले, सांडगे आले, बाळंतिणींची दुपटी आली. वाकणकरांच्या आईंचे गुडघे वाताने धरलेले. त्या एक दिवस पेटीसमोर पाय पसरून बसल्या आणि दुसऱ्या दिवशी काठीशिवाय देवळात गेल्या. मग गावातले सगळे वात येऊ लागले. खाडीकाठचे लोक बांधाला भोक पडले, खारे पाणी शेतात घुसते, अशा तक्रारी घेऊन भिजत यायचे. त्यांना आधी मोटारीत बसवत. चालून थकलेली माणसे, अंगातला गारठा निघाला की बसल्या जागी डुलकी घ्यायची. उठल्यावर पुन्हा चालून जायचे असल्याने त्यांना तक्रारीपेक्षा परतीची ओढ लागायची. 'तक्रारदार समाधानाने परतले', असे वाकणकर अलिबागला कळवायचे, आणि ते खोटे नव्हते. बांधाची पाहणी करायची तर मोटार बाहेर न्यावी लागली असती. एकदा गुप्ते साहेबांनी तसा विषय काढला. पण मोटारीत त्या वेळी मोठ्या साहेबांच्या सासूबाई होत्या. त्या अलिबागहून गुडघ्यांसाठी मुद्दाम आल्या होत्या, आणि त्यांना उठा म्हणेल असा माणूस सबंध जिल्ह्यात नव्हता.

सासूबाई गणपतीनंतर बऱ्या होऊन परतल्या. जाताना त्यांनी काशिरामच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारले, "तुझं काही काम असेल तर सांग हो, जावयाला सांगेन."

काशिरामने हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी वरचे माणूस त्याला असे विचारत होते. बोलायचे होते खूप, पण तोंडातून एवढेच आले, "आईसाब, मना कायम करा."

पायांचे सांगायचे तो विसरला.

हुकूम नवरात्रात आला. वाकणकरांनी सगळ्यांना गोळा करून तो मोठ्याने वाचला. उपकार्यालयाची मोटार क्वचितच हलत असल्याचे निदर्शनास आले आहे. न हलणाऱ्या मोटारीस ड्रायव्हरची आवश्यकता नसल्याने ते तात्पुरते पद रद्द करण्यात येत आहे. काशिरामने इथे दाराची चौकट धरली. वाकणकर पुढे वाचत होते. तथापि मोटारीतील उष्णयंत्र ही जनतेच्या उपयोगाची कायम सोय ठरली असून तिच्या देखरेखीसाठी उष्णयंत्रपाल असे एक कायम पद निर्माण करून त्यावर श्री. काशिराम भोईर यांची नेमणूक करण्यात येत आहे. सदर पद तोटी आहे त्या स्थितीत असेपर्यंत चालू राहील.

"कायम म्हंजे कायमच ना, भाऊसाहेब?" काशिरामने विचारले.

"कायमच! तोटी आहे तोवर."

गणूने टाळ्या वाजवल्या. गुप्ते साहेबांनी काशिरामचा हात हातात घेतला. वहिनीसाहेबांनी साखर वाटली. काशिराम तसाच सायकल मारत गव्हाणला गेला आणि तुळशीरामांच्या अंगणात उभा राहून म्हणाला, "जालो." तुळशीरामांनी पानाचा डबा उघडला. साखरपुडा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठरला. घरी येऊन सांगितल्यावर वेणू उठली. ती मागच्या दारी गेली आणि बराच वेळ आली नाही. काशिरामला आत बसून तिचे नाक ओढणे ऐकू येत होते, आणि त्याला वाटले, पाय काय, सगळा माणूस भाजला असता तरी चालले असते.

दसऱ्याच्या सकाळी मोटारीची पूजा झाली. चाकांना हळदकुंकू, टपावर झेंडूची माळ, तोटीला आणि पान्याला स्वतंत्र फुले. सगळे पेढा खाऊन पांगले. काशिराम एकटा इंजिन चालू ठेवून मोटारीत बसला होता, तोच फाटकातून काळूराम आला. आज सणाचा दिवस, बापाच्या हत्याराला फूल वाहायला पान्यापर्यंत चालत यावे लागले याचा त्याला संताप आला होता.

"आज दसरा हाय, काशिराम. माजं हत्यार माज्या घरात नाय." त्याने वाकून पान्याला दोन्ही हात घातले आणि रागाने एक हिसडा दिला.

इतक्या महिन्यांचे रॉकेल आत मुरले होते. रंगाला तापून तापून तडे गेले होते. तोटी कुरकुरली, थोडी हलली आणि गपकन फिरली. बंद झाली. पाना काळूरामच्या हातात आला.

थोड्या वेळाने पेटीतून साधा वारा येऊ लागला. काशिरामच्या उघड्या पायांना, भाजून काळ्या पडलेल्या त्या पायांना, पनवेलची हवा लागली. तिला खाडीच्या चिखलाचा वास होता. त्याने डोळे मिटले. मार्चपासून तो देवाजवळ एवढेच मागत होता आणि देवाने ते दसऱ्याच्या दिवशी दिले होते. त्याच्या डोळ्यांतून पाणी आले आणि त्याने ते पुसले नाही.

"निगली!" काळूराम आनंदाने ओरडला. "काशिराम, तुजी तोटी निगली! सांग तुज्या साहेबाला!"

काशिरामने डोळे उघडले. त्याने पहिल्यांदा फाटकाकडे बघितले, मग कचेरीच्या खिडक्यांकडे. कुणी नव्हते. त्याने काळूरामच्या हातून पाना काढून घेतला, तोटीवर बसवला आणि ती पुन्हा पूर्ण उघडली. कढत वारा पायांवर आला तसे त्याने दात आवळले.

"येडा जालास का रं?"

"येडा व्हतो," काशिराम म्हणाला. "आता कायम जालो."

"आन् माजा पाना?"

"त्याला पन नंबर हाय, काळू. जसाच्या तसा लागतो."

काळूरामने मूठ वळली. बापाचे हत्यार होते, तो काही सहजासहजी ऐकणारा नव्हता. काशिरामने त्याला शांतपणे विचारले, "तुजी भामा यंदा बोंबील कुटं सुकवती?"

काळूराम थांबला. त्याच्या बायकोचे, भामाचे बोंबील आठवडाभर मोटारीच्या डिकीत होते, नेहमीचीच जागा होती ती. पाऊस अजून पुरता उघडला नव्हता. त्याने पान्याकडे एकदा बघितले, खिशातले झेंडूचे फूल काढून त्यावर ठेवले आणि मूठ सोडली.

काशिराम खिडकीतून डोकावून मागच्या आवाराकडे ओरडला, "शिवा! ए शिवा! रंग हाय का रं उरलेला? दोन हात दे हितं. अन् नंबर जरा ठसठशीत काड."

वेणूचे लग्न थाटात झाले. पंगतीत पापड वाढले होते, ते कुठे वाळलेले होते हे सगळ्यांना माहीत होते, आणि सगळ्यांनी मागून मागून घेतले. प्रस्तुत लेखकही त्या पंगतीत होता. त्यालाही ही हकीकत ऐकून फार चीड आली होती आणि कुणीतरी ती तोटी कापलीच पाहिजे असे त्याने शेजाऱ्याला हात धुता धुता सांगितले. शेजाऱ्याने मान डोलावली. जवळा त्याचाही होता.

आपल्यालाही चीड आली असेल. येणारच, आपण सुशिक्षित आहात. आपल्या गावातही अशी एखादी तोटी असेल, कुणाचे तरी पाय भाजत असतील, आणि एखादे दिवशी कुणी काळूराम करवत घेऊन दारात येऊन विचारील, "कापू का?" तेव्हा आपण नक्कीच हो म्हणाल. फक्त त्याआधी त्याला दारातच क्षणभर थांबायला सांगून, आतल्या माणसांना हळूच विचारून घ्याल की, आपले काही तिथे वाळत घातलेले नाही ना.